सव्वा व्होल्टाजवळ

इंजिन बंद, चावी मात्र चालू.
एवढंच आधी ठरलं.
उत्तरेश्वर आत बसला, चपला दाराबाहेर काढून,
जसा काही कुणाच्या घरी आलाय.
मी बॉनेटखाली. बॅटरीला काळी वायर,
लाल वायरीच्या टोकाला
ब्लाऊजला हुक लावायची सुई.

मीटर सासऱ्यांचं. काट्याचं.
कळंबच्या बाजारात तीस वर्षं त्यांनी
लोकांचे रेडिओ उघडले आणि मिटले.
मला, नव्या सुनेला, पहिल्या दिवाळीत
साडीच्या आधी हे हातात दिलं:
"आधी काटा शून्यावर आण. मग विचार काय ते."
काचेला तडा गेलाय. काटा अजून खरं बोलतो.

गेल्या आठवड्यात येरमाळ्याच्या घाटात
गाडीला उचकी लागली.
मागं उसाची ट्रॉली.
ट्रॉलीवाल्यानं हॉर्न नाही दिला, शिवी दिली.
गॅरेजवाला म्हणाला, प्लग बदला.
बदलले.
म्हणाला, पंप बदला.
तेव्हा मी म्हणाले, थांब.

तीन वायरी. एकीत पाच व्होल्ट, आहेत.
दुसरी अर्थिंगची, ती गप्प, गप्पच असावी.
तिसरी सांगते, पाय किती दाबला.
पाय वर: काटा अर्ध्या व्होल्टावर.
"दाब आता. हळू. पहिलारू म्हैस पिळतो तसं."
"म्हशीचं काय घेऊन बसलीस," आतून आवाज,
पण पाय मऊ झाला.

पाऊण.
एक.
सव्वाच्या जरा अलीकडं
काटा पडला.
कीर्तनात डुलकी लागलेल्याची मान पडावी तसा,
आणि लगेच सावरून दीडवर,
आपण जागेच होतो अशा थाटात.
पुढं दोन, तीन, साडेचार, काही तक्रार नाही.

"माघारी ये."
सव्वाजवळ पुन्हा मान पडली.
सात वेळा केलं. सातही वेळा तिथंच.
उत्तरेश्वरची पोटरी भरून आली.
"काय करायलीस गं तू? शिलाई मशीन चालवून घ्यायलीस का माझ्याकडनं?"
मी दुधाच्या वहीत, शनिवारच्या दीड लिटरखाली,
आकडा लिहून ठेवला.

आत कार्बनची पट्टी असते, काळी, नखाएवढी.
तिच्यावरनं एक पातळ पत्रा सरकतो
पाय नेईल तिकडं.
जिथं पाय जास्त मुक्काम करतो
तिथली पट्टी झिजते.
पण आम्हाला गाडी घेऊन चारच महिने झाले.
आमचा पाय अजून कुठं मुरलाय?

डॉक्टर मुजावरांना फोन लावला. केजचे, गुरांचे डॉक्टर,
गाडी त्यांचीच.
"धक्के? नाही बाई. आमच्यात कधी नाही."
जरा थांबले. मागं कुणीतरी भांडी लावत होतं.
"म्हणजे, थोडी मान हलवायची ती.
मला वाटायचं, रस्ताच तसा आहे."
आणि मग, न विचारता:
"चाळीसच्या वर मी नेलीच नाही.
मागं बर्फाचा डबा, डब्यात लशीच्या काचेच्या कुप्या.
एक फुटली की एका गोठ्यात
मान खाली घालून उभं राहावं लागतं."

अकरा वर्षं. एकच पाय, एकाच जागी.

नवा सेन्सर लातूरहून एसटीच्या पार्सलनं आला,
अकराशे रुपये आणि हमालाचे वीस.
दोन स्क्रू. बसवला.
काटा आता सरळ चढतो,
बघायला काहीच मजा नाही.
जुना मी ब्लेडनं उघडला.
काळ्या पट्टीवर एक फिकट ओरखडा,
भाताच्या शितापेक्षा लहान.
उत्तरेश्वरनं चष्मा वर करून पाहिला. म्हणाला, "एवढंच?"

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचाच फोन.
"ती जुनी वस्तू टाकली का हो?"
म्हटलं, नाही अजून.
"टाका." पलीकडं खोकला.
"नाहीतर असू द्या."

रेडिओच्या बटणांच्या डब्यात आहे.